धाकटीचं स्वयंपाकघर नापास!

"अहो वहिनी, जरा इकडे या. कपडे मग वाळत घाला. आमची धाकटी नापास झाली!"

"अगंबाई! एवढं कर्ज काढून पाठवलंत लंडनला. कुठल्या विषयात?"

"स्वयंपाकघरात."

"म्हणजे?"

"म्हणजे ती राहते त्या इमारतीत महिन्याला तपासणी असते. मॅनेजर हातात टॅब घेऊन येतो आणि एकेक रकाना भरत जातो. ओटा, शेगडी, ओव्हन, वरची चिमणी, फ्रीज, कचऱ्याचे डबे, फरशी. परवा त्यानं लाल शेरा दिला. शेगडीवर तेल, ओव्हनमध्ये कुणाचं तरी चीज जळून चिकटलेलं, डबा उतू गेलेला, आणि ओट्यावर पिवळा डाग. दोन दिवसांत चकचकीत करा, नाहीतर आम्ही बाहेरची माणसं लावू आणि पैसे सहा जणांत वाटू, असा मेल."

"सहा जण कुठून आले?"

"एका फ्लॅटला सहा खोल्या. प्रत्येकाला खोली आणि न्हाणीघर स्वतंत्र, स्वयंपाकघर मात्र एकच. भांडण तिथंच सुरू होतं. खोली ज्याची त्याची, तिथं बोट दाखवायला जागा असते. स्वयंपाकघर सहा जणांचं म्हणजे कुणाचंच नाही. ते चीज कुणाचं, हे सहाही जणांना माहीत आहे आणि सहाही जण बोलायला तयार नाहीत."

"आणि पिवळा डाग?"

"तो आमचाच. हळदीचा. मीच पाठवली होती ना सांगलीची, पाव किलो. पांढराशुभ्र ओटा तो, लॅमिनेटचा. तिला म्हटलं, अगं घाबरतेस काय, हळदीच्या डागाला ऊन दाखव, आपोआप उडतो. तर म्हणते, आई, नोव्हेंबर आहे, ऊन कुठून आणू?"

"पण ताई, खरं सांगू? मला त्या मॅनेजरचं काही चुकलंय असं वाटत नाही. वरच्या मुलींना मी तरी दुसरं काय सांगते?"

"तुम्ही त्याचीच बाजू घेणार, हे मला ठाऊक होतं."

"घेणारच! चार मुली कॉट बेसिसवर ठेवून बघा, मग बोला. मागच्या महिन्यात मोरी तुंबली. प्लंबरनं जाळीतून केसांचा हा एवढा बुचका काढला. आठशे रुपये! कुणाचे केस, विचारलं तर चौघी एकमेकींच्या वेणीकडे बघतात. पलंगाखाली इंडक्शन. मागवलेल्या जेवणाचे डबे खिडकीत तसेच. मग झुरळं झाली की माझ्याचकडे तक्रार, काकू, झुरळं आहेत."

"म्हणून तुम्ही न सांगता वर जाता."

"सांगून गेलं तर काय दिसणार? पाहुणे येणार म्हटल्यावर सगळेच घर आवरतात. अचानक गेलं की खरं काय ते कळतं."

"आणि किल्ली लावून आत जाता."

"टकटक करते आधी!"

"टकटक करता आणि त्याच हातानं किल्ली फिरवता. तुमच्या वरची ती उंच मुलगी परवा मला गेटपाशी भेटली होती. ती म्हणाली, काकू, मी न्हाऊन टॉवेलवर बाहेर आले तर त्या खोलीत उभ्या, पंख्यावरची धूळ बघत."

"असं सांगितलं तिनं? बाहेर जाऊन सांगते होय?"

"चिडू नका. आमच्या धाकटीचंही नेमकं हेच झालं म्हणून आठवलं. ती रात्रभर निबंध लिहून सकाळी झोपलेली, आणि दारात दोन माणसं, रूम इन्स्पेक्शन म्हणून. नोटीस म्हणे जिन्यातल्या फळ्यावर लावली होती. हिनं त्यांच्या विद्यार्थी संघटनेचं सल्ला केंद्र गाठलं. फुकट असतं ते. तिथल्या बाईंनी आधी एकच विचारलं, करार कुठाय? करारात नोटिशीबद्दल काय लिहिलंय ते बघितलं. तिथल्या १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात आहे, की घराची अवस्था बघायला आत यायचं तर निदान २४ तास आधी लेखी कळवायचं आणि वेळही बरी निवडायची. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहात मात्र बरंचसं करारावर चालतं, म्हणून सही करताना वाचायचा. पण तो वाचतंय कोण? आमच्या बाईसाहेबांनी विमानतळावर फोनवर बोट फिरवून सही केलेली."

"ते लंडनला. इथं घर माझं आहे."

"इथंही आहे की हो कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम २८. घरमालकाला जागा तपासायचा हक्क आहे, लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलीसुद्धा. पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. मी बँकेत होते, वहिनी. कागद वाचल्याशिवाय मला घास गिळत नाही."

"आधी सूचना म्हणजे किती आधी?"

"तास नाही लिहिलेले. पण किल्ली फिरवताना केलेली टकटक म्हणजे आधी नव्हे."

"बरं बाई, बरं. पुढं सांगा. पैसे भरले का तिनं?"

"माणशी पंचवीस पौंडांचं बिल आलं."

"म्हणजे अडीच-तीन हजार रुपये! एक शेगडी पुसायला? आमच्या मावशी महिनाभर वरचा मजला झाडून-पुसून देतात तेवढ्यात."

"आता कसा आकडा बोचला? हिनं शांतपणे उलटा मेल केला. सफाईच्या आधीचा आणि नंतरचा फोटो पाठवा. सफाईवाल्यांचं बिल पाठवा. आणि दुसरी तपासणी कधी केली ते तारखेनिशी सांगा. तीनच वाक्यं. कारण तिथं २०१९ साली एक कायदा आला, भाडेकरूंकडून कसले पैसे घेता येतात याचा. त्या वर्षीच्या १ जूनपासून इंग्लंडात लागू झाला, विद्यार्थ्यांच्या घरांनाही. वाटेल ती फी लावायची सोय बंद झाली. भाडेकरूनं करार मोडून खरंच नुकसान केलं, तर तेवढी भरपाई मागता येते, पण ते नुकसान दाखवावं लागतं. घर सोडताना अमक्याच कंपनीकडून सफाई करून द्या, अशी सक्तीही करता येत नाही. घेताना होतं तेवढं स्वच्छ परत द्यायचं. ते तुम्ही फडकं मारून करा नाहीतर माणूस लावून."

"मग डिपॉझिट कशाला घेतात?"

"घेतात, पण साधारण घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त नाही. आणि ते मालकाच्या भरवशावर सोडत नाहीत. खासगी भाडेकराराचं डिपॉझिट २००७ पासून सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं, आता ३० दिवसांच्या आत. नाही नोंदवलं, तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या तिप्पटीपर्यंत दंड लावू शकतं, आणि तो भाडेकरूला मिळतो."

"तिप्पट!"

"तुम्ही का घाबरलात? तुमचं घर कर्वेनगरात आहे. आणि तंटा झाला तर योजनेचाच तिऱ्हाईत माणूस कागद बघून निकाल देतो. मूळ धरून चालायचं ते असं, की पैसा भाडेकरूचा. कापायचा असेल तर कारण मालकानं शाबीत करायचं. राहायला येतानाची यादी, फोटो, जातानाचे फोटो. पुरावा नाही? मग कापता येणार नाही. शिवाय वापरानं वस्तू झिजणारच, ती झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही."

"हे मला ऐकवताय ना, रंगाचे पैसे कापते म्हणून?"

"मी कुठं काय म्हटलं? पण विषय काढलातच तर सांगते. प्रत्येक मुलीचं एक महिन्याचं भाडं रंगासाठी म्हणून कापता. आपण शेजारी राहायला आल्यापासून वरच्या मजल्याला रंग लागलेला मी तरी पाहिला नाही."

"अख्ख्या पुण्यात कापतात!"

"म्हणून तर अख्ख्या पुण्यातली मुलं शेवटच्या महिन्याचं भाडं देत नाहीत. म्हणतात, डिपॉझिटमधून वळतं करा. त्यांना ठाऊक असतं, ते परत यायचं नाही."

"तुमच्या मुलीला सगळं माफ, आणि आम्ही खलनायक!"

"छे हो. सगळं माफ नाही. एका बाबतीत मी पूर्ण मॅनेजरच्या बाजूनं आहे. तिच्या फ्लॅटमधल्या चेन्नईच्या मुलानं काय केलं, ऐका. फोडणी दिली की छतावरचा धुराचा अलार्म ओरडतो, आणि एकदा ओरडला की अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर. मग त्यानं अलार्मला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली."

"हुशार पोरगा!"

"हुशार कसला! तपासणीत ती टोपी सापडली आणि त्याला वेगळं पत्र आलं. आणि ते योग्यच. लंडनमध्ये २०१७ च्या जूनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. आग कुठून सुरू झाली माहितीये? चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातल्या फ्रीजमधून. पसरली ती बाहेरच्या भिंतीच्या आच्छादनामुळं, तो दोष राहणाऱ्यांचा नव्हे. पण त्यानंतर दार अडवून ठेवलेलं, अलार्म झाकलेला, खोलीत मेणबत्ती, असलं काही दिसलं की मॅनेजर लोक कुणाचं ऐकत नाहीत. दिवाळीत आमच्या बाईनं पणती लावायला परवानगी मागितली होती. नाही म्हणाले. बॅटरीची पणती लावली, उदबत्तीही नाही. मला वाईट वाटलं, पण मी वाद घातला नाही."

"मग मी इंडक्शनला नाही म्हणते ते काय वेगळं आहे?"

"काहीच नाही. ते बरोबरच आहे तुमचं. त्या जुन्या वायरिंगवर चार इंडक्शन लावले तर आपल्या दोघींचे दिवे जातील. पण आग आणि धूळ एकाच यादीत घालू नका. एकीला ताबडतोब हात घालायचा, दुसरीला थोडा वेळ द्यायचा. पलंगाखालच्या इंडक्शनला आणि पंख्यावरच्या धुळीला तुमचा आवाज सारखाच चढतो, मग मुलींना दोन्ही सारखंच वाटायला लागतं."

"आणि तुमच्या लेकीच्या न्हाणीघराचं काय? ते तरी पास झालं ना?"

"काठावर. नळावर, शॉवरच्या काचेवर पांढरा थर. मॅनेजरनं लिहिलं, अस्वच्छ. अहो, लंडनचं पाणी जड. चुनखडीच्या खडकातून येतं, केटलीतसुद्धा पांढरा खर बसतो. म्हटलं, व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून नळाला गुंडाळून ठेव रात्रभर. सकाळी नळ लख्ख! फोटो पाठवला मला, नातू झाल्यासारखा."

"आपल्या बोअरच्या पाण्याचं तेच. मी वरच्या मुलींना हजारदा सांगितलं…"

"व्हिनेगर दिलंत का?"

"नाही. सांगितलं."

"हं. पण खरा वाद पुढं आहे. खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली. मॅनेजर म्हणतो, तुम्ही कपडे खोलीत वाळवता, खिडकी उघडत नाही, म्हणून. ती म्हणते, खिडकी चार बोटांवर उघडतच नाही आणि पंखा हवा ओढत नाही, तर कपडे वाळवू कुठं? आता ही बुरशी घाण म्हणायची की इमारतीचा दोष? तपासणीच्या यादीत ती 'सफाई' या रकान्यात टाकली की दोष आपोआप पोरांचा होतो."

"पुसून टाकायची. बुरशीचं एवढं काय?"

"असं म्हणू नका. तिकडं रॉचडेलला अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर डिसेंबर २०२० मध्ये गेलं. घरातल्या बुरशीमुळं गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. आईबापांनी किती तक्रारी केलेल्या! आणि घर देणाऱ्या संस्थेनं त्यांच्याच राहणीवर बोट ठेवलं होतं. पुढं त्याच्या नावानं नियम झाला, आधी सामाजिक घरांसाठी, की ओल आणि बुरशीची तक्रार आली तर ठरलेल्या मुदतीत जाऊन बघायचं. म्हणून मी हिला सांगितलं, बुरशी पुसू नकोस आधी. फोटो काढ, तारीख घाल, मेल कर. मग पूस."

"लहान लेकरू हो… ऐकवत नाही."

"म्हणून तर म्हणते, बघायला येणाऱ्यानं स्वतःच्या भिंतीकडेही बघावं."

"आमच्या पलीकडच्या जोशीकाकूंचा नातू जर्मनीत आहे ना, श्टुटगार्टला. तिथं म्हणे तपासणी मॅनेजर करतच नाही. शेजारीच करतात. जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला पाटी अडकवतात. आठवडाभर जिना त्याचा. झालं की पाटी शेजारच्या दाराला."

"केअरवोखे म्हणतात त्याला. त्या श्वाबेन भागातली जुनी रीत. शहराच्या नियमातून १९८८ साली काढून टाकली, तरी इमारतींच्या भाडेकरारात अजून टिकून आहे. त्या नातवानं काय केलं?"

"जिना स्वच्छ होता म्हणून झाडला नाही. तर खालच्या आजीबाईंनी चिठ्ठी लावली, स्वच्छ आहे की नाही हा प्रश्न नाही, आज शनिवार आहे."

"बघा! म्हणजे कुठं गेलं तरी कुणीतरी बघणारं आहेच. मँचेस्टरचं तर ऐकलंत का? २०२० च्या नोव्हेंबरात, टाळेबंदीत, विद्यापीठानं मुलांच्या वसतिगृहांभोवती उंच जाळीचं कुंपण घातलं, न सांगता. मुलं खिडकीतून बघतात तर बाहेर कुंपण! त्याच रात्री पोरांनी ते आडवं केलं. मग विद्यापीठानं माफी मागितली. भाडं न देण्याचा संप झाला तो वेगळाच, आणि शेवटी पहिल्या सत्राचं भाडं ३० टक्क्यांनी कमी करावं लागलं."

"अगंबाई! आपलं हे कुंपण कमरेएवढंच आहे ते बरं."

"कुंपणाला कुणाची हरकत नसते हो, न विचारता घातलं की असते. तपासणीचंही तेच. आमची धाकटी म्हणते, ते येतात त्याला माझी ना नाही, अचानक येऊन मला चोरासारखं उभं करतात त्याला आहे."

"मग बिलाचं शेवटी काय झालं?"

"चार दिवस सामसूम. मग उत्तर आलं. दुसरी तपासणी केल्याची नोंदच नव्हती त्यांच्याकडे! दरम्यान या सहा जणांनी रात्री जागून स्वयंपाकघर घासलं होतं आणि तारखेसकट फोटो काढले होते. बिल मागं घेतलं. पण ओव्हनच्या सफाईचं वेगळं बिल ठेवलं, कारण ते चीज काही निघालं नव्हतं."

"म्हणजे निम्मं तुमच्या लेकीचं, निम्मं मॅनेजरचं."

"तसंच झालं. आणि गंमत सांगू? बिल रद्द झाल्यावर सहा जणांनी आठवड्याची पाळी लावली. फ्रीजवर कागद डकवला. आता चीज कुणाचं, हे कागदावर कळतं."

"कुणाचं निघालं हो शेवटी?"

"ते नाही सांगितलं तिनं. म्हणून मला शंका येते."

"काय सांगता!"

"अहो, घरी असताना तिनं कधी ओटा पुसलाय? पण माझी लेक घाण करते म्हणून तिच्या खोलीत न सांगता शिरायला कुणी मोकळं होत नाही. दोन्ही खरं असू शकतं ना, वहिनी? आणि शेवटी त्या बाहेरच्या माणसांचं तरी काय? पहाटे येऊन सहा जणांचं चिकटलेलं खरवडायचं, आणि त्यांना तासाचे पैसे किती मिळत असतील कोण जाणे. तुमच्या मावशीही परवा म्हणत होत्या, तुम्ही मुलींवर ओरडता, मुली गाल फुगवतात, आणि मोरी मीच काढते."

"मावशीसुद्धा तुमच्याकडे येऊन बोलतात?"

"कुंपण कमरेएवढंच आहे ना."

"हसू नका. बरं, मी काय म्हणते, मलाही काही रोज वर चढायची हौस नाही. गुडघे दुखतात. महिन्याचा पहिला रविवार ठरवला तर? आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकते. अकरा वाजता. बेल वाजवून, आणि दार त्यांनी उघडेपर्यंत थांबून."

"बघा, किती सोपं!"

"पण आग-विजेचं काही दिसलं तर त्याच दिवशी काढायचं, त्यात चालढकल नाही. बाकीच्याला आठवडा देईन. केसांची जाळी दर शनिवारी साफ, पाळीनं. नाही केली तर प्लंबरचं बिल दाखवून चौघींत वाटेन. आणि रंगाचे पैसे…"

"हं, रंगाचे पैसे?"

"त्याचं बघू. ह्यांना विचारते."

"विचारा. आणि यादी करायचीच आहे तर मुलींनाही तुमची यादी करू द्या ना. गीझर दोन महिने अर्धवट तापतोय म्हणत होत्या. बाथरूमच्या भिंतीला ओल आहे. आणि वरची पाण्याची टाकी कधी धुतली, तेही विचारत होत्या."

"धुतली की! मार्चमध्ये धुतली."

"कुठल्या मार्चमध्ये, वहिनी?"